साडूंचा गंधक

परभणी जिल्ह्यातला एकही काळा दगड आमच्या थोरल्या साडूंच्या तावडीतून सुटलेला नाही. आता आपल्याकडं काळ्या दगडाला काय तोटा? पण साडूंच्या चाव्यांच्या जुडग्याला एक लोहचुंबक आहे, आणि मानवतच्या स्टँडवर इतर माणसं शेंगा खात एसटीची वाट बघतात तेव्हा हे वाकून दगडांना चुंबक लावत फिरतात. आपला काळा दगड मेला थोडाफार चिकटतोच, त्यामुळं साडूंना दर चार पावलांवर आनंद होतो. त्या आनंदात डोळ्यांदेखत गाडी निघून गेलेली मी पाहिली आहे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, म्हणते, "आल्यागेल्याला टेकायला जागा न्हाई, आन् ह्यांचे दगड पलंगावर निजायलेत."

बरं, नुसता दगड मिळून भागत नाही. तो आभाळातून पडलेला हवा (त्यात लोखंड असतं, म्हणून ते चुंबक), आणि त्यातलाही यांना हवा फक्त गंधक. साडू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले तरी शिकवायची खोड काही गेली नाही. आमच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या वडलांना पंगतीतच गाठलं. "हे बघा, मांडवात उकाडा वाढला की आधी कोण पळतं? तरणी पोरं. गुडघेदुखीवाले मागं राहतात. गंधकाचंबी तसंच हाय. एक हलका, एक किंचित जड. ग्रह तापला की हलका आधी उडून जातो. मागं राहिलेल्यात जड किती ते मोजलं, की उडून किती गेला ते कळतं." व्याही बिचारे हातात जिलबी धरून "हो का, हो का" करत राहिले. साडूंनी त्यांना चंद्रापर्यंत नेऊन परत आणलं तोवर पाक कोपरापर्यंत ओघळला होता. पण खरं सांगतो, ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. करोडो वर्षांपूर्वी काय उडून गेलं ते एका खड्यानं सांगायचं, ही काय साधी गोष्ट आहे? "आयुष्यात एकदा असा तुकडा हाताला लागावा, बस्स," असं साडू म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो.

आणि लागला की! पेडगावच्या शिवारात आभाळातून दगड पडला. मोठा दगड सरकारी माणसं घेऊन गेली, पण नंतर त्या शेताच्या मालकाला बांधावर बोराएवढा तुकडा सापडला. हे मालक म्हणजे साडूंच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी, आबा. साडूंचा एक जुना विद्यार्थी लांबच्या प्रयोगशाळेत आहे, तो मोजून द्यायला तयार झाला. अट एकच, बाहेरच्या गंधकाचा कणही तुकड्याला लागता कामा नये. साडूंनी संध्याकाळी आबांना फोनवर ओरडून सांगितलं, "लय जपून ठेवा आबा, मला त्यातला गंधक पाहिजे." सकाळी मला घेऊन निघाले. अंगात नवा सदरा, पिशवीत धुऊन वाळवलेली काचेची बाटली, हातात नवाकोरा चिमटा. गाडीत त्यांचा गुडघा सारखा हलत होता. म्हणाले, "पाहुणे, आज बीपीची गोळी घ्यायची इसरलो बघा."

आबांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, आतून एक डबा आणला आणि मोठ्या कौतुकानं झाकण काढलं. डब्यात काठोकाठ पिवळीधमक भुकटी. मिरचीवर भुरीचा रोग पडला की मारतात तो गंधक. त्यात बोटं घालून आबांनी तुकडा वर काढला.

"तुमी गंधक पाहिजे म्हणालात. म्हणलं तुकडा बारका, त्यात कितीसा निघंल? म्हणून रातभर मुरत घातलाय."

तुकडा ठिसूळ होता. भेगाभेगांत पिवळं शिरलं होतं.

साडूंनी चिमटा खिशात ठेवला. वर्गात चुकणाऱ्याची या माणसानं कधी गय केली नव्हती, त्यामुळं आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी सावरून बसलो. साडू म्हाताऱ्याच्या हसऱ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लय चांगलं केलंत, आबा." तुकडा तसाच हातात घेतला, दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेच्याची तारीफ केली.

तुकडा प्रयोगशाळेत गेलाच नाही, साडूंच्या उशाशी आहे. आबा बाजारात भेटले की अजून विचारतात, "सर, निघाला का गंधक?"

"निघाला की. मोजणारे चाट पडले."

आबा खूश होऊन पुढं जातात. साडू मग हातातली पिशवी उगाच नीट करत उभे राहतात, आणि मला त्यांच्याकडं बघवत नाही.