कार्डात न लिहिलेला शब्द

चौथीच्या पुस्तकात एक शब्द होता, ‘व्याकुळतेने’. मास्तरांनी अर्थ सांगितला होता : जीव तिकडं लागलेला असतो, पण जाता येत नाही, तसं. माझी शाळा चौथीतच सुटली. शब्द तेवढा राहिला.

लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा गल्लीत लिहिता येणारी सून मी एकटीच. पंचमी जवळ आली की बाया पोस्टाची कार्डं घेऊन यायच्या. माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सुनेला कोणी धाडत नसे. दिवसभर हळदीच्या रानात खुरपून कंबर धरलेली असायची, तरी चुलीपुढं बसून लिहायचे.

एका वर्षी शेजारीण म्हणाली, “दादाला लिही गं, लई सय येऊन राहिली म्हणावं. घास गोड लागंना म्हणावं.”

मी लिहिलं, ‘तुझी व्याकुळतेने वाट पाहत आहे.’ अर्थही सांगितला.

तिनं कार्ड हातात घेतलं. मग म्हणाली, “एवढं समदं एका शब्दात? मंग मी उगीच तोंड दुखवून राहिले की!”

ती गेल्यावर मी माझं कार्ड घेतलं. गोरेगावला, भावाला. दोन वर्षं माहेरी गेले नव्हते. आईची नजर जात चालली होती. पुरती जायच्या आत माझी पोरगी तिला दाखवायची होती.

शेजारणीच्या घरी वाचणारं कोणी नव्हतं. आमच्याकडं मामंजी कार्ड वाचूनच टपालपेटीत टाकत. सुनेला इथं काय कमी पडलं, असं त्यांना वाटलं तर? हातातून तो शब्द उतरेना. आईच्या डोळ्यांचंही लिहिलं नाही. लिहिलं, ‘इकडील सर्व खुशाल. सवड असल्यास न्यायला यावे.’

मामंजींनी वाचलं. “बराबर लिहिलं,” म्हणाले.

पंचमीच्या आदल्या दिवशी शेजारणीचा भाऊ आला. माझा आला नाही. तो आला दिवाळीला.

गोरेगावात पोरगी आईच्या मांडीवर दिली. आईनं तिचं कपाळ, नाक, कानाच्या पाळ्या बोटांनी चाचपल्या.

“कुनावर गेलं गं लेकरू?” तिनं विचारलं.

भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, “तूच लिहिलं होतं, सवड असली तर. खुरपणी चालू होती. मला वाटलं, तुला घाई न्हाई.”

“व्हय,” मी म्हणाले. “तसंच लिहिलं होतं.”