घरं पाडायचा खेळ

छापून आलेलं बातमीदाराच्या डोक्यात फार दिवस टिकत नाही. जे छापता येत नाही, तेच साचत जातं आणि टपरीवर चौघे जमले की बाहेर पडतं. आमच्या दैनिकाच्या धाराशिव जिल्हा कार्यालयात गेल्या उन्हाळ्यात एका व्हिडिओ गेमपायी जे साचलंय, ते ऐकाच!

*

सुरुवात फोटोनं झाली. आमच्या अणदूरच्या वार्ताहरानं ग्रुपवर टाकला. भडकलेला पेट्रोल पंप, आभाळात उडालेली जीप, खाली एकच शब्द : 'भीषण!'

मी पहिल्या पानावर चार कॉलम जागा ठेवायला सांगितली. 'परिसरात हळहळ' वगैरे लिहूनही टाकलं! तेवढ्यात फोटोग्राफर सलीमनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"सर, मागं समुद्र दिसायलाय."

अणदूरला समुद्र! मी तडक फोन लावला.

"सर, चुकून ह्या ग्रुपवर पडला," वार्ताहर म्हणाला. "गेमचा हाय. दुसरा भाग आलाय. पर लई भारी उडालंय ना?"

*

हा गेम बसस्टँडमागं शिवाप्पाच्या दुकानात चालतो, असं कळलं. शिवाप्पा आधी भांडी विकायचे. धंदा बसला तेव्हा त्यांनी दुकानात सहा कॉम्प्युटर मांडले. आता सगळं घर त्याच दुकानावर.

त्यांनी मला गेम समजावला. एक बेट, त्यावर हुकूमशहाचं राज्य. ठरलेला रस्ता नाही. मनाला येईल तिकडं जायचं आणि दिसेल ते उडवायचं.

"मग पहिल्या भागात काय कमी होतं?"

"त्यात नुस्ते पूल आन् टाक्या उडायच्या, सर. दुसऱ्यात घरंबी पडतेत!"

डब्याचं झाकण किती घट्ट बसतंय, हे गिऱ्हाइकाला दाखवावं, तसं कौतुकानं सांगत होते! माझं डोकंच फिरलं. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. सास्तूर गावाच्या ढिगाऱ्यांत जे पाहिलं, ते मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही. आणि त्याच जिल्ह्यात घरं पाडायचा खेळ?

"अप्पा, तुमच्या दुकानाला टाळं लागेपर्यंत मी गप्प बसणार नाही!"

"नका बसू, सर. पर चहा घ्यायला तर बसा."

*

मला वाटलं होतं, तिथं शाळा बुडवणारी पोरं असतील. बघतो तर दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर निवृत्त शाखा अभियंता! आयुष्यभर सरकारी पूल बांधलेला माणूस चष्मा कपाळावर चढवून पूल उडवत होता.

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"जरा थांबा हो." धडाड्! पूल मधोमध तुटून नदीत गेला. साहेब समाधानानं मागं रेलले.

"माझे चार पूल पडले नोकरीत. पण इतका सरळ एकही पडला नाही!"

मी वही काढली, तर म्हणाले, "लिहा, लिहा. चौकशी कधीच मिटलीय."

*

बातमी लिहून झाली. आमचे संपादक म्हणाले, "तुम्ही स्वतः खेळलात का? न खेळता लिहिलंत, तर लोक हसतील."

गेलो. दहा मिनिटांत पुरावा घेऊन उठायचं, असं ठरवून बसलो. त्या बेटावर चौकाचौकात कर्णे लावलेले. हुकूमशहाचं भाषण अखंड चालू. 'विकास', 'शिस्त', 'आमचं सरकार'! तीस वर्षं पत्रकार परिषदांत पहिल्या रांगेत बसून मी हेच ऐकत आलोय. एक कर्णा उडवला. गप्प झाला! मग दुसरा उडवला. मग पुढच्या गावातला.

खांद्यावर हात पडला, तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं.

"सर," शिवाप्पा म्हणाले, "तुमची बातमी ऱ्हायली न्हवं?"

स्वतःचीच इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्या रागात ऑफिसात येऊन बातमी आणखी कडक केली!

*

संध्याकाळी कॉम्प्युटरवर अंकाचं पान लावायला भीमाशंकर बसला. चाळिशीचा, मितभाषी माणूस. पंधरा वर्षांत कुठल्याच कामाला 'नाही' म्हणालेला नव्हता. मथळा वाचला : 'घरं पाडण्याचा विकृत खेळ, दुकानाला टाळं ठोका!' आणि त्यानं हात कीबोर्डवरून काढून घेतले.

"सर, ही बातमी मी लावणार न्हाय."

"का? पगार अप्पा देतो का तुला?"

तो चिडला नाही. "धा मिनिटं चला माझ्यासंगं," म्हणाला आणि थेट शिवाप्पाच्या दुकानात नेलं. कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्याच्यासाठी मोकळाच होता!

पडद्यावर गाव. घरांची रांग, एका भिंतीलाही ओरखडा नाही. भीमानं जीप पहिल्या घरासमोर उभी केली आणि हॉर्न दाबला. आतून एक बाई धावत बाहेर आली. तो पुढच्या घराकडं गेला. पुन्हा हॉर्न. दोन माणसं बाहेर.

"हॉर्न कशाला?"

"आतली माणसं बाहेर येतेत, सर."

"मग घर पाडतोस?"

"न्हाय. पुढच्या घरी जातो."

शिवाप्पा माझ्या कानाशी आले. "रोजचंच हाय, सर. सास्तूरचा न्हवं का त्यो. भूकंपात घरातला ह्यो एकटाच निघाला. आठ वर्षांचा व्हता."

पंधरा वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो! ढिगाऱ्यांवर उभा राहून मी अख्ख्या सास्तूरला प्रश्न विचारले होते. याला 'गाव कुठलं?' एवढंही कधी विचारलं नव्हतं.

भीमा रांगेतल्या शेवटच्या घरासमोर आला. हॉर्न दाबला. दार उघडलं नाही. पुन्हा दाबला. मग त्यानं हॉर्नवरचं बोट उचललंच नाही.

माझा मोबाइल वाजला. संपादक होते.

"पान कुठं अडकलंय? त्या दुकानाची बातमी घ्यायची ना?"

"थांबा साहेब," मी म्हणालो. "एका घरातलं अजून कुणी बाहेर आलेलं नाही."