ताईंचा ‘खुर्दा’

पैशाच्या विषयावर हिंगोली जिल्ह्यात कुणी पोट धरून हसलं असेल, तर त्याचा दोष सरळ माझ्या थोरल्या नणंदेवर टाकावा. जवळा बाजारला राहणाऱ्या आमच्या ताई आयुष्यभर कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झाल्या. विद्यार्थी सुटलो म्हणून हुश्श करतात न करतात, तोच त्यांनी ‘खुर्दा’ नावाचं पत्र काढलं. दर रविवारी सकाळी ते फोनवर येतं. व्याज, विमा, शेअर, महागाई अशा, ऐकताच जांभई यावी असल्या गोष्टी त्यात असतात, आणि माणसं हातातला चहा निवेपर्यंत त्या वाचत बसतात.

ताईंना मजकूर कुठेही सापडतो. एका लग्नात त्या भर पंगतीतून उठून आचाऱ्याकडे गेल्या आणि एवढ्या जास्तीच्या पुऱ्या कुणासाठी, म्हणून त्याची उलटतपासणी घेऊ लागल्या. “पाव्हणे आले न्हाई तर वाया जातीन, बाई. पण आले अन् पुऱ्या संपल्या, तर नवरीच्या बापाची इज्जत जाईन ना!” आचारी म्हणाला. पुढच्या रविवारचा विम्यावरचा लेख त्याच पुऱ्यांवर टम्म फुगला होता. बाजारातही त्या तासभर नुसते भाव विचारत फिरतात. एकदा भाजीवाली वैतागली, “घ्यायचं न्हाई तर काहून विचारून राहिल्या?” “लिहायचंय,” ताई म्हणाल्या. “मंग माझं वांगं ताजं हाय, हे बी लिवा!” ताईंनी तेही इमानदारीत लिहिलं.

पण या विनोदाची धार मला खरी कळली ती दामदुप्पट योजनेच्या वेळी. कडक इस्त्रीचा एक गृहस्थ आला, मंगल कार्यालयात सभा ठरली, आणि माझा नवरा निवृत्तीची सगळी रक्कम त्याच्या हाती द्यायला निघाला. मी भांडले, रडले, ऐकेना. शेवटी ताईंना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, “सभा कधी हाय?”

सभेच्या सकाळी, रविवार नसताना, ‘खुर्दा’ आला. त्यात एक म्हैस होती. ती चाऱ्याशिवाय दुप्पट दूध देते. फक्त गोठ्यात रोज एक नवी म्हैस आणावी लागते. दूध काढायचं नवीचं, आणि वाटायचं जुनीचं म्हणून. नवी म्हैस मिळेनाशी झाली, की मालक गोठ्याला कुलूप लावून पसार!

सभेत गृहस्थ रंगात आला असताना मागून कुणीतरी विचारलं, “साहेब, तुमची म्हैस खाते काय?” पहिलं हसू फुटलं ते माझ्या नवऱ्याचं. मग सगळं कार्यालयच हसलं. गृहस्थ पाणी प्यायला म्हणून जो बाहेर गेला, तो परतलाच नाही. नवरा चेक खिशात घेऊन घरी आला आणि उलट बहिणीवरच चिडला, “मला सरळ सांगता येत न्हवतं?”

“ऐकलं असतंस?” ताई फोनवर म्हणाल्या. “लहानपणापासून तू हसल्याबिगर काई ऐकत न्हाईस.”

तेव्हा वाचकहो, पैशाचं नाव काढताच तुम्हाला झोप येत असेल, तर ‘खुर्दा’ जरूर मागवा. फुकट आहे. ताईंची अट एकच: कळलं नसेल तर कळलं म्हणायचं नाही.

परवा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते. रविवारी सकाळी उठून पाहते, तर त्या स्वयंपाकघरात एकट्याच मोठ्यानं ‘खुर्दा’ वाचत होत्या.

“कुणाला वाचून दाखवून राहिल्या, ताई?”

त्या जरा ओशाळल्या. “पैशाचं बोलणं निघालं की बाबा आईला म्हणायचे, तू आत जा. ती मुकाट्यानं चुलीपाशी येऊन बसायची. लई हुशार होती गं. फक्त वाचता येत न्हवतं.” मग चष्मा सारखा करत म्हणाल्या, “थांब, जरासंच राहिलंय.”

मी आवाज न करता तिथेच खाली बसले. ताई पुढे वाचू लागल्या, आधीपेक्षा थोड्या सावकाश.