समासातली टाळी

ताज्या गुळाचा वास आला की मला टाळ्या ऐकू येतात. नव्वदच्या दशकात, कोऱ्हाळ्याच्या गुऱ्हाळात माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, उजवा हात चरकात सापडला आणि तीन बोटं गेली. बारामतीच्या दवाखान्यात चार दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. ना बोलत, ना जेवत. गावच्या जत्रेतल्या नाटकाचे ते प्रॉम्प्टर. अख्खं संगीत नाटक त्यांनी वहीत मोत्यासारख्या अक्षरात उतरवलेलं, आणि जिथं गाव टाळ्या वाजवतं तिथं समासात ‘टाळी’ असं लिहिलेलं, म्हणजे नटानं तेवढं थांबायचं. पाचव्या दिवशी दुपारी मी घरून आणलेली ती वही त्यांच्या खाटेशी बसून उघडली आणि मोठ्यानं वाचत सुटले. “थांब की! हितं टाळी हाय,” आबा भिंतीकडं बघतच गरजले. मग मी प्रत्येक खुणेला थांबत वाचू लागले. हरलेला राजा मोडकी तलवार घेऊन पुन्हा उभा राहतो, तिथं शेजारच्या खाटेवरच्या, पायाला प्लास्टर घातलेल्या तात्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळा वॉर्ड वाजवू लागला. आबांनी कूस बदलली. “हितं आपल्या गावात कधी टाळी पडली न्हाय,” ते म्हणाले, “पेन आण.” मी वही धरली, आणि त्यांनी डाव्या हातानं समासात वाकडी ‘टाळी’ लिहिली. वही आता माझ्याकडं आहे, प्रॉम्प्टिंगही मीच करते, आणि आमच्या जत्रेतला राजा त्या ओळीला आजही थांबतो.