काकांनी विचारलेला अर्थ

जर्मनीत, एर्लांगेनच्या लाँड्रीत चादरीची दोन टोकं माझ्या हातात असतात आणि दोन समोरच्या जर्मन म्हाताऱ्याच्या. मनात मी त्यांना काका म्हणतो. प्रत्येक वाक्याला ते ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, जोडतात आणि स्वतःच्याच बोलण्यावर मान डोलावतात.

हल्ली एका वयस्कर इंग्रज गायकाचं नवं रॉक गाणं रेडिओवर रोज लागतं. ते लागलं की काका चादर ठेक्यात झटकतात. “माझ्याच वयाचा आहे. अजून गातोय. गेनाऊ.”

मागच्या आठवड्यात म्हणाले, “तू इंडियन, तुला इंग्रजी येतं. काय म्हणतोय रे तो?”

माझी शाळा आठवीत सुटली. बायको इथे नर्स, म्हणून मी आलो. कामाचे पहिले सहा महिने व्हायचेत, तोवर केव्हाही काढून टाकू शकतात. ‘येत नाही’ म्हणायची भीती वाटली. मोडक्या जर्मनमध्ये ठोकून दिलं, “आई गेली, पण मला घरी जाता आलं नाही, असं म्हणतोय.”

काकांनी चादर झटकायची थांबवली. “चाल तर नाचायची आहे,” एवढंच बोलले.

काल साहेबांनी नव्या मशीनचा इंग्रजी कागद माझ्यापुढे धरला. “वाच, सगळ्यांना समजावून सांग.” मी चादरीची टोकं सोडलीच नाहीत. काकांनी कागद परत त्यांच्याच हातात दिला.

“याला हलवू नका, माझी चादर अडते. ऑफिसातून जर्मनमध्ये करून आणा.”

साहेब पुटपुटत गेले. मी हळूच ‘डांके’ म्हटलं.

“तुझे सहा महिने कधी संपतात?”

“मेअखेर.”

“मी एप्रिलअखेर रिटायर होतोय,” काका म्हणाले.

मधला तो एक महिना आम्हा दोघांनाही दिसत होता.