बोंबीलच्या गाठीचं माप

“पाय ठेवायचा की काढायचा, तेवढं सांगा. टेबल तयार आहे,” सर दारातून म्हणाले.

मी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं. समोरच्या बाकावर मंजुळाकाकी बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी बोंबील. बोंबील हा त्यांचा कुत्रा. नाव मासळीचं, अंगकाठीही तशीच. त्याच्या मागच्या डाव्या पायाला, गुडघ्याखाली सुपारीएवढी गाठ होती. काकी तारापूरच्या किनाऱ्याकडून मासळी आणून बोईसरच्या बाजारात बसतात. बोंबील पाटीची राखण करतो. तो असला की मांजर त्या ओळीतही फिरकत नाही, असा त्याचा लौकिक.

आमच्या दवाखान्यात ऑपरेशन सर करतात, स्लाइड मी बघते. गाठीत सुई घालून थोड्या पेशी काचेवर घेतल्या होत्या. निदान झालं होतं, मास्ट सेल ट्यूमर. कुत्र्यांच्या कातडीत नेहमी सापडणारा कॅन्सर, पण मोठा लबाड. एखादी गाठ काढली की विषय संपतो, एखादी पुन्हा येते, पसरते. कुठली कशी वागेल याचा अंदाज पेशीच्या मधल्या केंद्रकावरून बांधता येतो. केंद्रकं लहान आणि एकसारखी असली तर गाठ बहुधा सरळ. भलीमोठी, वेडीवाकडी असली तर द्वाड. म्हणून आम्ही ती मोजतो. गुडघ्याखाली कातडी मुळातच कमी. गाठ द्वाड निघाली तर तिच्याभोवतालचं पुरेसं काढता येत नाही, मग पायच काढावा लागतो.

मोजायची बारीक पट्टी मायक्रोस्कोपच्या आतच कोरलेली असते. माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. मी पन्नास केंद्रकं मोजली होती. आकार एकसारखा होता, पण सगळीच्या सगळी अवाढव्य. हे जरा विचित्र वाटलं होतं. पण आकडा तो आकडा.

“काढावा लागेल बहुतेक,” मी सरांना म्हणाले.

काकींनी ऐकलं. “का गं बाय?”

“काकी, पेशी फार मोठ्या आहेत त्याच्या.”

“मोठ्या म्हंजे कशापरीस मोठ्या?”

“म्हणजे... मापापेक्षा.”

“तुजा माप मला कसा कलंल? आमी गिऱ्हाइकाला पापलेट मोठा हाय, असा नुसता नाय सांगत. बाजूला एक रोजचा, वलखीचा ठेवतो. मंग त्याचा त्यालाच दिसतो. तू बाजूला काय ठेवलास?”

मला जरा रागच आला. बारा वर्षं स्लाइड बघतेय मी. पण काकींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात बोंबीलच्या त्याच पायावर होता. म्हटलं, यांची समजूत तरी पटू दे.

ओळखीचं म्हणजे तांबडी रक्तपेशी. सुई टोचली की थोडं रक्त येतंच. कुत्र्याची तांबडी पेशी साधारण सात मायक्रॉनची, मग तो अल्सेशियन असो की बोंबील. मी एक मोजली.

साडेसतरा.

दुसरी मोजली. साडेसतरा. एवढी तर हत्तीचीही नसते.

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे तक्ता चिकटवलाय, माझ्याच अक्षरात. भिंग बदललं की पट्टीच्या एका रेघेची किंमत बदलते. चाळीसच्या भिंगाला अडीच मायक्रॉन, शंभरच्या भिंगाला एक. मी बघत होते शंभरच्या भिंगातून आणि गुणत होते अडीचने.

“सर, दहा मिनिटं द्या.”

“आता काय झालं?”

“मी चुकले.”

सर खुर्ची ओढून बसले. मी पन्नासच्या पन्नास पुन्हा मोजली. केंद्रकं लहान होती, एकसारखी होती, अगदी शहाण्यासारखी. सरांनी स्वतः डोळा लावून खात्री केली.

“नुसती गाठ काढू,” ते उठत म्हणाले. “भोवतालची कातडी जमेल तेवढी जास्त घेतो.”

“काकी, पाय राहतोय! चूक माझीच होती.” इतका आनंद झाला की मी बोंबीलला मिठीच मारली. ॲप्रनला दिवसभर सुकटीचा वास येत होता.

काकी डोळे पुसत हसल्या. “चुकलीस तर चुकलीस. कापायच्या आदी दिसला ना?”

काढलेली गाठ तपासणीला मुंबईला पाठवली. रिपोर्ट आला, गाठ सौम्य वागणाऱ्यांतली, कडा स्वच्छ, म्हणजे मागे काही उरलेलं नाही. याला आता वर्ष होऊन गेलं. गाठ परत आलेली नाही. बोंबील चारही पायांवर बाजारात उंडारतो आणि मी दिसले की पाटीखाली लपतो. परवा काकींनी मला दोन पापलेटं दिली, एक मोठं, एक लहान.

“लहान कशाला?” मी विचारलं.

“बाजूला ठेवायला.”

आमच्या रजिस्टरमध्ये आता पहिला रकाना तांबड्या पेशीचा असतो. तिथे सातच्या आसपास आकडा आला तरच पुढचं मोजायचं. नवे डॉक्टर विचारतात, ही पद्धत कुठल्या कॉलेजची? मी सांगते, बोईसरच्या मासळी बाजाराची.