चांगुणाबाईचा गुर्दा

…तर काल सांगत होतो, डॉक्टरांनी चांगुणाबाईच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि पारा असा चढला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सन शहाऐंशी, हैदराबादचा मोठा दवाखाना. तिचा धाकटा भाऊ मारोती, त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. ही आपलं एक देणार, त्यासाठी हिच्या तपासण्या चाललेल्या. रक्त जुळलं, लघवी चांगली निघाली, फोटोही झाला. अडलं ते रक्तदाबावर.

"असाच राहिला तर किडनी घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. दुसरं द्यायला कुणी नव्हतं.

मारोतीला तेच पाहिजे होतं. "अक्का, चल गावाकडं, ठाणाकुशनूरला. माझ्यापायी पोट कामून फाडून घ्यायलीस?"

"गप बस. आजारी माणसानं लई बोलू न्हाई."

मी शेजारी, सोबतीला गेलेलो. मला नवल वाटलं. हिला कसला रक्तदाब? बैल उधळला तर आमचं गाव पैलवानाला सोडून हिला हाक मारायचं. तूर झोडताना विंचू चावला, तर "थांबा, एवढी पेंढी होऊ द्या" म्हणणारी बाई!

मग नीट पाहिलं. पट्टा बांधला की बाई दात-ओठ खायची, मुठी आवळायची, श्वास कोंडून बसायची.

"हे काय करायलीस गं?"

"अण्णा, दवाखान्यातल्या ह्या आयानं पहिल्या दिवशीच सांगितलं की, 'अम्मा, तुमारा गुर्दा देखना है.' मग दाखवू नको व्हय?"

घ्या! आपल्याकडं गुर्दा म्हणजे हिंमत. त्यांच्या हिंदीत किडनीलाही तोच शब्द, हे तिला कुठं ठाऊक! मी हसलो, आया हसली. उलगडा झाल्यावर चांगुणाबाई तर तोंडाला पदर लावून हसली. "आगं माय! म्हंजी ह्ये आतलं बघायलेत?"

दुसऱ्या सकाळी पट्टा बांधला तेव्हा ती आयाला अंबाडीची भाजी कशी करायची ते सांगत होती. पारा खाली. पुढंही खालीच राहिला. डॉक्टरांची मान होकारार्थी हलली, तसा मारोतीचा चेहरा पडला.

शेवटी त्यालाही शेजारी बसवून डॉक्टरांनी आयाकरवी विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना? अजून नाही म्हणता येतं."

चांगुणाबाई भावाकडं बघत म्हणाली, "जबरदस्ती हाय की, डागदरसाब. मीच करायलेय. ह्यो न्हाई-न्हाई म्हणायलाय, त्याला तेवढं धरून ठेवा."